किलोमीटर मोजले, तास कुठे गेले?



काल या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर निरूपण झालं, उद्या गाणं आहे, आणि मधल्या दिवशी मी प्रवासभत्त्यावर बोलणार आहे. संयोजकांच्या धाडसाचं कौतुक करावं की तुमच्या सोशिकपणाचं, हे तासाभरानं ठरवू.

विषय रुक्ष असला तरी काशीतल्या या मराठी वस्तीला परका नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या भागातली जुनी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या एकाच पद्धतीनं जगली. बिऱ्हाड काशीत आणि काम यजमानाच्या दारात. पैठणहून इथे आलेल्या भट्ट घराण्यातले गागाभट्ट १६७४ मध्ये राज्याभिषेकासाठी रायगडावर गेले, ते याच शहरातून. उलट दिशेचं उदाहरण विष्णुभट गोडशांचं. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, कारण बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा मिळणार अशी वार्ता होती. पुढे बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापलं गेलं. ते आपण इतिहास म्हणून वाचतो. मला मात्र त्यात कामगाराचा हिशेबही दिसतो. दक्षिणा मिळायची ती यजमानाच्या दारात पोचल्यावर. तिथवरची वाट, तिथला धोका आणि वाया गेलेले महिने हे सगळं भटजींच्या अंगावर.

एकोणिसाव्या शतकात ही रीत चालून गेली. माझा प्रश्न आजचा आहे. ज्याला कंपनीनं ऑफिस दिलेलं नाही, जो रोज घरातून थेट कामावर जातो आणि कामावरून थेट घरी येतो, त्याचा कामाचा दिवस सुरू कधी होतो? घराचा उंबरठा ओलांडल्यावर, की साठ किलोमीटरवरच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात?

या शहरात अशा माणसांची एक जुनी संघटित जमात म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, आपले एम. आर. बनारस हे पूर्वांचलाचं इस्पितळ आहे. बीएचयूचं सर सुंदरलाल रुग्णालय, लंका भागापासून पसरलेले दवाखाने, सप्तसागरची दवा मंडी. बलियापासून सोनभद्रपर्यंतचा आजारी माणूस इथे येतो आणि इथला एम. आर. उलट दिशेनं बलिया-सोनभद्रला जातो. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईला नाही तर अहमदाबादला, फार तर लखनौला एखादा डेपो. बनारसमध्ये कंपनीचा पत्ता म्हणजे एम. आर.च्या घराचा पत्ता. सॅम्पलची खोकी त्याच्या पलंगाखाली आणि कुरियरवाला त्याच्याच दाराची कडी वाजवतो.

या धंद्याची भाषा तुमच्यापैकी अनेकांच्या घरात रोज बोलली जाते. ‘हेडक्वार्टर’ म्हणजे गावातलं काम. ‘एक्स-स्टेशन’ म्हणजे सकाळी जाऊन रात्री परत, मिर्झापूर, भदोही, जौनपूर, गाझीपूर. ‘आउट-स्टेशन’ म्हणजे मुक्काम, आझमगढ, बलिया. महिन्याच्या सुरुवातीलाच टूर प्रोग्रॅम पाठवायचा, तो मॅनेजरनं मंजूर करायचा. रोज रात्री डीसीआर, म्हणजे कोणत्या डॉक्टरला भेटलो त्याचा रिपोर्ट. भाड्याचा तक्ता ठरलेला असतो: अमुक गाव, इतके किलोमीटर, इतके रुपये. त्यावर दिवसाचा डीए, म्हणजे दैनिक भत्ता. बहुतेक ठिकाणी हिशेब इथेच संपतो.

इथल्याच एका मराठी घरातल्या मुलाचा एक्स-स्टेशनचा दिवस सांगतो. नाव सांगत नाही, त्याला नोकरी करायची आहे. आदल्या रात्रीच आजी विचारते, “काय रे, उद्या गावातच की बाहेर?” बाहेर म्हटलं की पोळ्या पहाटे. सहाच्या आधी तो बॅग खांद्याला लावून गल्लीतून मैदागिनपर्यंत चालत येतो, तिथून ऑटोनं कँट, आणि रोडवेजच्या बसनं बाबतपूर, फूलपूर, जलालपूर करत जौनपूर. दोन तास, रस्ता बरा असेल तर. डॉक्टर सकाळी पेशंट तपासण्याआधी पाच मिनिटं देतात, म्हणून ही घाई. पहिल्या डॉक्टरच्या दारात फोनवरचं अ‍ॅप उघडायचं, ते जागा तपासतं आणि ‘कॉल’ नोंदवतं. कंपनीच्या लेखी दिवस इथे उजाडला. दुपारी दवाखाने बंद, तेव्हा केमिस्टच्या बाकड्यावर बसून ऑर्डरची विचारपूस. संध्याकाळी पुन्हा डॉक्टर. शेवटचा कॉल साडेआठला, की कंपनीचा दिवस मावळला. पोरगं घरी पोचतं अकराला, आणि मग जेवणाचं ताट शेजारी ठेवून रिपोर्ट भरतं. पहाटेचे दोन आणि रात्रीचे अडीच तास कुठल्याच रकान्यात नाहीत. रकाना आहे किलोमीटरचा. तिथे जौनपूर जाऊन-येऊन एकशेवीसच्या आसपास लिहायचे, तक्त्यात असतील तेवढेच.

किलोमीटर ही फार सोयीची वस्तू आहे, कारण ती बदलत नाही. श्रावणात प्रयागराजकडून येणाऱ्या रस्त्याची एक बाजू कावडियांना दिलेली असते, मुगलसरायला जाताना राजघाटच्या मालवीय पुलावर वाहनं मुंगीच्या चालीनं सरकतात, देवदिवाळीला अर्धं शहर बंद असतं. २०२५ च्या महाकुंभाच्या दीड महिन्यात तर प्रयागराजची गर्दी इथे लोटली आणि बनारसचे रस्ते ठप्प झाले. या सगळ्यात भाड्याचा तक्ता जागचा हलत नाही. मिर्झापूर जिथे होतं तिथेच आहे. वाढतात ते तास, आणि तासाला धनी नाही.

आता त्या बसमध्ये जरा नीट बघा. पुढच्या सीटवर चालक बसला आहे. मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्ट, १९६१ नं त्याचे कामाचे तास ठरवले: दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. गाडी चालवण्याचा वेळ त्यात धरला, गाडीच्या अनुषंगानं करायची इतर कामंही धरली. (तो कंत्राटी असेल तर त्यालाही पैसे किलोमीटरवरच मिळतात, ते दुखणं वेगळं.) त्याच्या पाठीमागच्या बाकावर आपला मुलगा मांडीवर बॅग घेऊन बसला आहे. तीच बस, तोच रस्ता, तेच खड्डे. तोही मालकाच्या हुकमानं, मालकानं मंजूर केलेल्या गावी चालला आहे. एकाचे दोन तास काम आणि दुसऱ्याचे दोन तास खासगी सहल, असं आपण मानतो.

नेमका हाच प्रश्न युरोपात कोर्टात गेला. स्पेनमध्ये टायको नावाची कंपनी दुकानांत, कचेऱ्यांत चोरी रोखणारी यंत्रं बसवत असे. २०११ मध्ये तिनं जिल्ह्याजिल्ह्यातली कार्यालयं बंद केली. तोवर तंत्रज्ञ सकाळी कार्यालयात हजर झाला की वेळ सुरू व्हायची. आता तो घरातून कंपनीच्या गाडीनं थेट गिऱ्हाइकाकडे जाऊ लागला, कधी शंभर किलोमीटरच्या पुढे, कधी गर्दीत तीन-तीन तास. कुठे जायचं ते आदल्या संध्याकाळी फोनवर यायचं. कंपनीनं वेळ धरली पहिल्या गिऱ्हाइकापासून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत. १० सप्टेंबर २०१५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं की ज्याला ठरावीक कामाची जागा नाही, त्याचा घर ते पहिलं गिऱ्हाईक आणि शेवटचं गिऱ्हाईक ते घर हा प्रवास कामाचाच वेळ आहे. कार्यालय मोडलं कंपनीनं, त्याचा भार कामगारानं का वाहायचा?

कंपनीची बाजू अशी की वेळ धरली तर लोक वाटेत आपली खासगी कामं उरकतील. न्यायालयानं उत्तर दिलं, देखरेखीची सोय लावणं हे मालकाचं काम. मला हे उत्तर आवडलं, कारण आपल्याकडे तर ती सोय आधीच लावलेली आहे. दवाखान्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची जागा ज्या अ‍ॅपला मीटरमध्ये कळते, त्याला तो घरून कधी निघाला हे कळू नये? यंत्र तेच आहे. ते कशासाठी उघडायचं, हे ठरवणारा माणूस वेगळा आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तो निकाल कामाच्या तासांच्या मर्यादेचा होता, पगाराचा नव्हता. त्या तासांचे पैसे किती, हे न्यायालयानं त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. अमेरिकेत तर गाडी उलटी फिरली. १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं कारखान्याच्या फाटकापासून कामाच्या जागेपर्यंत चालण्याचा वेळसुद्धा कामाचा मानला, मग दाव्यांचा पूर आला आणि १९४७ मध्ये काँग्रेसनं कायदा करून तो दरवाजा बराचसा लावून टाकला. तेव्हा परदेशात सगळं आलबेल आहे आणि आपणच मागे, असं मी म्हणत नाही.

आपल्याकडचं चित्र तर याहून विचित्र आहे, आणि त्यात दोन मराठी मुलखातले खटले आहेत.

पहिला मुंबईचा. जुलै १९५७. बेस्टचा एक चालक जोगेश्वरी डेपोत आपली बस लावून, दिवसाचं काम संपवून, दुसऱ्या बसनं सांताक्रूझला घरी निघाला. घोडबंदर रस्त्यावर त्या बसची उभ्या लॉरीशी टक्कर झाली, तो रस्त्यावर फेकला गेला आणि काही दिवसांनी गेला. बायकोनं भरपाई मागितली. बेस्टचं म्हणणं, काम संपलं होतं, तो घरी चालला होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं निकाल दिला: एवढ्या पसरलेल्या शहरात चालकांनी बेस्टच्याच बसनं वेळेवर ये-जा करणं हा सेवेचाच भाग आहे, म्हणून हा अपघात नोकरीच्या ओघात झालेला आहे.

दुसरा खटला तेव्हाच्या उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा. साखर कारखान्यावरचा पहारेकरी. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. २२ एप्रिल २००३ च्या रात्री मोटरसायकलवरून कामाला निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, मुलं, आई. तिथल्या आयुक्तांनी भरपाई दिली, उच्च न्यायालयानं ती रद्द केली, आणि २९ जुलै २०२५ रोजी, बावीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयानं ती परत दिली. पहाटे तीनला ड्युटी असणारा माणूस रात्री रस्त्यावर असतो तो कामासाठीच, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर तो अपघात नोकरीतलाच, असं न्यायालयानं धरलं. कर्मचारी राज्य विमा कायद्यात अशीच तरतूद २०१० पासून होती. सामाजिक सुरक्षा संहितेतही घर ते काम हा प्रवास अपघातापुरता नोकरीत धरला आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

दोन्ही निकाल चांगले आहेत. पण ते आपल्या पगाराच्या हिशेबाशेजारी ठेवून बघा काय अर्थ निघतो. रस्त्यावर मेलात तर तो वेळ कामाचा. जिवंत पोचलात तर तो तुमचा.

याला मी विसंगती म्हणतो. जो तास मालकासाठी खर्च झाला म्हणून विधवेला भरपाई मिळते, तोच तास नवरा जिवंत असताना पगाराच्या हिशेबात का येऊ नये? कारखान्याच्या पहारेकऱ्याबद्दल निदान एवढं म्हणता येईल की त्यानं कुठे राहायचं हे त्याचं त्यानं ठरवलं. एम. आर.बद्दल तेही म्हणता येत नाही. त्याचं हेडक्वार्टर कंपनी ठरवते, नेमणुकीच्या पत्रात लिहून देते, आणि उद्या कोणत्या गावी जायचं तेही तिच्याच मंजुरीनं ठरतं. त्याचं घर हेच कंपनीनं बनारसमध्ये थाटलेलं, भाडं न देता वापरलेलं ऑफिस आहे.

कायदा इथे गप्प आहे असंही नाही, तो बाजूला तोंड करून बसला आहे. १९७६ मध्ये या लोकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यानं नेमणुकीचं पत्र सक्तीचं केलं, कामावरच्या दर अकरा दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. तास मात्र सांगितले नाहीत. १९९४ मध्ये सँडोझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत एम. आर. हा ‘कामगार’ बसत नाही असं ठरवलं. आता औद्योगिक संबंध संहितेनं विक्री-प्रसार कर्मचाऱ्यांना, म्हणजे एम. आर.नाही, कामगाराच्या व्याख्येत स्पष्टपणे घेतलं आहे. ही मोठी गोष्ट आहे. पण वेतन संहिता उघडा. वेतन म्हणजे काय, हे सांगताना ती म्हणते की वाहनभत्ता हे वेतन नाही, आणि कामाच्या स्वरूपामुळे होणारा खास खर्च भरून देण्यासाठी दिलेली रक्कमही वेतन नाही. म्हणजे किलोमीटरचे पैसे ही मेहनत नव्हे, तिकिटाची परतफेड, हे कायदाच सांगतो. मग कंपनीनं ‘प्रवासाचे पैसे देतोच की’ असं म्हणू नये. तिकिटाचे दिले. माणसाचे राहिले.

याच प्रश्नाचं आणखी केविलवाणं रूप बघायचं असेल तर चोलापूर, हरहुआ, पिंडरा या बाजूला जा. तिथल्या आशा संगिनी, आपल्या महाराष्ट्रात ज्यांना गटप्रवर्तक म्हणतात त्या, वीसेक आशा स्वयंसेविकांच्या कामावर देखरेख करतात. यांना कार्यालय नाही, घरून निघायचं आणि गावोगाव फिरायचं. केंद्राकडून त्यांना मिळतात ते भेटीमागे पैसे. २०१८ मध्ये ते अडीचशेचे तीनशे झाले, महिन्याला वीसेक भेटी. गाडीचा खर्च यातूनच भागवायचा. एम. आर.ला पगार आहे आणि वर भाडं आहे. इथे भाडं आणि पगार एकाच नोटेत घातले आहेत, आणि ती नोट पेट्रोल पंपावरच निम्मी होते. आणि घरपोच डिलिव्हरी करणारे जे तरुण विश्वनाथ गल्लीच्या तोंडाशी दुचाकी लावून पाठीवरचा डबा घेऊन धावतात, त्यांना परतीच्या फेरीचं काय मिळतं ते एकदा त्यांनाच विचारा. विष्णुभट गोडशांशी त्यांची ओळख करून द्यावीशी वाटते.

मला कुणी म्हणेल, प्रवासाला मेहनताना देणं आपल्या देशात बसत नाही. बसतं. केंद्र सरकारचा कर्मचारी दौऱ्यावर गेला की त्याच्या दैनिक भत्त्याचा हिशेब तासावर आहे: मुख्यालयाबाहेर सहा तासांच्या आत तीस टक्के, सहा ते बारा तास सत्तर टक्के, बारापुढे पूर्ण. म्हणजे घड्याळ लावायला सरकारला अडचण येत नाही. आणि पूल ओलांडून मुगलसरायला गेलात, नवं नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय नगर, तर तिथल्या रेल्वे कॉलनीत लोको पायलट राहतात. त्यांना धावलेल्या किलोमीटरवर रनिंग अलाउन्स मिळतो, आणि मूळ वेतनाच्या तीस टक्के इतका भाग त्यात पगाराचाच धरला जातो. निवृत्तिवेतनाच्या वेळी पंचावन्न टक्के. धावणं हा पगार असू शकतो, हे रेल्वेनं केव्हाच मान्य केलं. आपल्यापासून ती कॉलनी फार लांब नाही.

माझं मागणं आभाळाएवढं नाही. घरून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचा वेळ पूर्ण दरानं मोजा असंही मी पहिल्या दिवशी म्हणणार नाही. अर्ध्या दरानं मोजा. पहिला अर्धा तास सोडून द्या, कारण कारखान्यातला माणूसही तेवढा स्वतःच्या खर्चानं येतोच. यावर वाटाघाट होऊ शकते. एफएमआरएआय ही एम. आर.ची अखिल भारतीय संघटना ठरावीक कामाच्या तासांची मागणी कितीतरी वर्षं करते आहे, पण तास ठरवताना दिवस कुठून सुरू होतो याचा निकाल आधी लागला पाहिजे. नाहीतर आठ तास कागदावर येतील आणि त्यांच्या दोन्ही टोकांना लोंबणारे चार-साडेचार तास तसेच राहतील. जे मालक म्हणतात की याचा खर्च झेपणार नाही, त्यांना एवढंच विचारतो की आज तो खर्च कोण झेलतो आहे.

समोर बसलेल्यांत निदान तीन-चार घरचे एम. आर. आहेत, त्यांच्या आया आहेत, दोघे-तिघे डॉक्टर आहेत, सप्तसागरात गाळा असलेले एक गृहस्थही दिसतात. डॉक्टरांना विनंती अशी की जौनपूर-गाझीपूरहून आलेल्या पोराला तासभर ताटकळत ठेवण्याआधी त्याची शेवटची बस किती वाजता आहे ते विचारा. आणि पोरांनो, आजपासून रिपोर्ट भरताना एक ओळ जास्त लिहा: घर किती वाजता सोडलं, घरी किती वाजता पोचलो. रकाना नसेल तर शेऱ्यात लिहा. शेराही नसेल तर स्वतःच्या वहीत तारीख घालून लिहा आणि ती वही जपून ठेवा. धाराशिवच्या खटल्याला बावीस वर्षं लागली. तुमचा खटला उभा राहील तेव्हा कोर्ट पहिल्यांदा तीच वही मागेल.